केळी उत्पादकांचा ग्रुप काढताना: व्हॉट्सॲप, टेलिग्राम की फेसबुक?

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळी उत्पादकांचा एकही ग्रुप नाही असे गाव आता क्वचितच सापडेल. तरीही नवे ग्रुप निघतच असतात, कारण जुन्या ग्रुपात भावापेक्षा वाढदिवसांना अधिक जागा मिळू लागलेली असते आणि चार कामाची माणसे कंटाळून वेगळी चूल मांडायचे ठरवतात. ही चूल कोठे मांडावी, असे मला वरचेवर विचारले जाते. मी बाग सांभाळून ग्रुप सांभाळणारा माणूस आहे, संगणकाचा जाणकार नव्हे. मात्र तिन्ही ठिकाणी ग्रुप चालवून पाहिलेला असल्याने जे अनुभवास आले तेवढे येथे मांडतो. ग्रुप कसा उघडावा, लिंक कशी पाठवावी हे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे.

निवड करण्यापूर्वी आपल्या ग्रुपात नेमके काय येणार आहे याचा विचार करावा. आमच्याकडे मुख्यतः दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे भाव: रावेर आणि बऱ्हाणपूरचे नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (पिलांपासून घेतलेल्या पुढच्या पिकाचा माल) आणि वापसी (हलक्या प्रतीचा माल) यांचे दर, आणि त्या दराने व्यापारी प्रत्यक्षात माल उचलतो आहे की नाही याची कुजबुज. दुसरी म्हणजे रोगाची विचारणा, म्हणजे पानाचा फोटो आणि त्याखाली ‘भाऊ, हे काय आहे?’ एवढाच प्रश्न. भावाचे आयुष्य एका दिवसाचे असते, तर रोगावरील उत्तर पुढच्या हंगामातही तितकेच कामाचे असते. माझ्या मते निवडीचा सगळा प्रश्न या एका फरकातच आहे.

भावापुरते पाहिले तर व्हॉट्सॲपला तोड नाही. ज्येष्ठांच्या फोनमध्ये दुसरे काही असो वा नसो, हे असतेच, आणि कापणीची टोळी बोलवायची की दोन दिवस थांबायचे हा निर्णय ज्याच्यावर अवलंबून आहे तो निरोप बांधावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत लगेच पोहोचतो. एका ग्रुपात १,०२४ सदस्य मावतात, आणि एखाद्या मंडळाच्या ग्रुपाला तेवढे पुरून उरतात. लिहिण्याचा अधिकार केवळ ॲडमिनकडे ठेवण्याची सोय २०१८ पासून उपलब्ध आहे, तीही दराच्या ग्रुपासाठी उत्तम.

फेसबुकविषयी थोडक्यात सांगतो. तेथे सदस्य घेताना प्रश्न विचारता येतात, प्रत्येक पोस्ट तपासून मगच पुढे सोडता येते आणि ग्रुपाचे नियम सर्वांना दिसतील असे मांडता येतात. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही रचना चांगलीच आहे. परंतु पोस्ट कोणत्या क्रमाने दिसाव्यात हे पुष्कळदा तेथील यंत्रणाच ठरवते, आणि ज्या पोस्टखाली वाद रंगतो ती वर राहते. परवाचा भाव आज सकाळी सर्वांत वर दिसावा आणि त्याखाली ‘आजचा आहे का?’ अशी विचारणा सुरू व्हावी, असे आमच्याकडे वारंवार घडले. क्रम बदलून पाहण्याची सोय आहे हे खरे, पण ती सोय प्रत्येक सदस्याला समजावून सांगणे हे स्वतंत्र कामच होऊन बसते. बागांचे फोटो, घडाचे वजन, प्रदर्शनांची छायाचित्रे यांसाठी फेसबुक शोभते. रोजच्या व्यवहारासाठी मी ते सुचवणार नाही.

खरी तुलना उरते ती व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम यांच्यात, आणि माझा कौल एका पानाने बदलला.

पावसाळी ढगाळ हवेत मृगबागेच्या, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेल्या बागेच्या, कोवळ्या रोपांवर हरण्या रोग, म्हणजेच कुकुंबर मोझॅक व्हायरस, दिसू लागतो. सुरुवातीला सर्वांत नव्या पानावर शिरांना धरून बारीक पिवळसर रेषा उमटतात, मग त्या तुटक पट्ट्यांसारख्या होतात, पान आखडते आणि रोग बळावला की पोंगा, म्हणजे न उलगडलेले मधले पान, सडतो. अडचण अशी की लोहाच्या कमतरतेनेही नव्या पानावर शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि घाईत काढलेल्या, सावली पडलेल्या फोटोत या दोहोंतला फरक सहजासहजी ओळखू येत नाही. उपाय मात्र अगदी विरुद्ध आहेत. कमतरता असेल तर सूक्ष्म अन्नद्रव्ये देऊन बाग सावरते. हरण्या असेल तर औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून शेताबाहेर नष्ट करावे लागते, तो पसरवणाऱ्या मावा किडीचा बंदोबस्त करावा लागतो आणि बागेत किंवा बागेशेजारी काकडीवर्गीय पिके टाळावी लागतात. चुकीच्या सल्ल्याने फवारणी करत थांबलेल्या माणसाचा रोग तेवढ्या दिवसांत शेजारच्या ओळींत गेलेला असतो.

या प्रश्नाचे नीट उत्तर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपात आलेले होते. एका अनुभवी बागायतदाराने दोन्ही पानांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून, कोणत्या पानावर काय पाहायचे हे ओळीने लिहून दिले होते. त्याहून चांगले उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. पण पुढच्या पावसाळ्यात तोच फोटो, तोच प्रश्न, आणि उत्तरे मात्र नवी, घाईची, काही तर सरळ चुकीची. जुने उत्तर शोधू गेल्यास ते शेकडो शुभसकाळींच्या आणि श्रद्धांजलींच्या खाली गाडलेले. व्हॉट्सॲपवर निरोप पिन करता येतो, परंतु तो जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो, त्यामुळे आषाढात लावलेला पिन रोगाचा जोर असताना गळून पडतो आणि ॲडमिनने लक्षात ठेवून तो पुन्हा लावावा लागतो. नव्याने आलेल्या सदस्याला मागच्या हंगामातील चर्चा दिसत नाही. जुना फोटो वेळीच फोनवर उतरवून घेतलेला नसेल तर पाठवणाऱ्यालाच पुन्हा मागावा लागतो, आणि त्याने तोवर फोन बदललेला असतो. शोधाची सोय आहे, पण आपली माणसे ‘हरण्या’ हा शब्द कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात, आणि निम्मी मंडळी तर लिहीतच नाहीत, आपल्या बोलीत आवाजी निरोप सोडतात. ते ऐकायला गोड असतात, पण शोधात सापडत नाहीत. एकच प्रश्न दरवर्षी नव्याने सोडवत बसण्याचा हा त्रास मला इतर कोणत्याही गैरसोयीपेक्षा अधिक जाचला.

टेलिग्रामवर हे दुखणे पुष्कळसे कमी होते. तेथे एकाच ग्रुपात विषयवार दालने करता येतात. आम्ही हरण्या, करपा, पाणी-खते, थंडीतील काळजी आणि रोपे अशी दालने केली आहेत. ज्याला केवळ करप्यात रस आहे तो बाकीच्या दालनांचा आवाज बंद ठेवू शकतो. नव्या सदस्याला जुनी चर्चा दिसेल अशी व्यवस्था ठेवता येते, पिन केलेला निरोप आपण काढेपर्यंत जागेवर राहतो, आणि सारा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर असल्याने फोन भरला म्हणून फोटो पुसले तरी ते पुन्हा उघडता येतात. साध्या फोनवर बाग सांभाळणाऱ्यांसाठी हा शेवटचा मुद्दा लहान नाही. आवाजी निरोपांचे मात्र येथेही कष्टच आहेत. अशा निरोपाखाली एका ओळीत त्याचा सारांश देवनागरीत लिहून ठेवण्याचे काम आमच्यातील एक शिक्षक करतात, आणि ते काम करणारे कोणी नसेल तर दालनांचाही फारसा उपयोग नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

टेलिग्रामचे दोष झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पहिला म्हणजे माणसे येत नाहीत. आग्रह करून आणलेले आबा-नाना आठवडाभर उघडतात आणि मग विसरतात. दुसरा म्हणजे खुली लिंक ठेवली की झटपट पैसे मिळवून देण्याचे आमिष दाखवणारे अनोळखी लोक शिरतात. त्यामुळे प्रवेश ॲडमिनच्या मान्यतेनेच ठेवावा. तिसरा असा की टेलिग्रामवरील ग्रुपांतील संभाषणाला व्हॉट्सॲपसारखे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कंपनीलाही वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी, नसते. केळीच्या पानांच्या फोटोंबाबत मला त्याची चिंता वाटत नाही, परंतु आर्थिक किंवा घरगुती बाबींची चर्चा होणार असेल तर हा मुद्दा विचारात घ्यावा.

फोन नंबरांविषयीही दोन शब्द. व्हॉट्सॲप ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आमच्या ग्रुपात रोपांच्या एका विक्रेत्याचा माणूस शेतकरी म्हणून शिरला आणि पुढे पंधरवडाभर सदस्यांना फोन येत राहिले. महिला सदस्यांनी त्यानंतर ग्रुप सोडला आणि त्यांना दोष देता येत नाही. टेलिग्रामवर नंबर झाकून ठेवता येतो, आणि त्याच महिलांपैकी काही तेथे आज मोकळेपणाने प्रश्न विचारतात.

ॲडमिनच्या जबाबदारीचा विचार खानदेशात राहणाऱ्याने टाळू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा अफवा मोबाइलवरूनच पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकाच वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठवण्यावर बंधन आणण्याचे जाहीर केले. पुढे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसून आल्याखेरीज, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही असे म्हटले. कायद्याने दिलासा दिला असला तरी गावात प्रश्न ॲडमिनलाच विचारला जातो.

आता व्हॉट्सॲपवर ॲडमिनला इतरांचा निरोप सर्वांसाठी काढून टाकता येतो. पण तो कोणी काढला हे तेथे नावानिशी दिसते. शहरातल्या ग्रुपात याचे कोणाला काही वाटत नसेल. आमच्याकडे मात्र चुलतभावाचा राजकीय फॉरवर्ड काढला तर तो विषय पारावर, पाणी वाटपात आणि लग्नपत्रिकेतील नावांपर्यंत पोहोचतो. टेलिग्रामवर काढलेला निरोप मागे काही खूण न ठेवता निघून जातो, आणि नंतर त्या सदस्याशी खाजगीत बोलून विषय मिटवता येतो. ही सोय कोणत्याही तक्त्यात लिहिलेली सापडणार नाही, पण नात्यागोत्यांचा ग्रुप चालवणाऱ्याला तिची किंमत लगेच कळेल.

ज्यांचा ग्रुप शंभराच्या आत आहे, सगळे एकमेकांना ओळखतात आणि भावाची देवाणघेवाण एवढाच हेतू आहे, त्यांनी व्हॉट्सॲप सोडण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु ज्यांना आपल्या मंडळातील अनुभव एका हंगामातून दुसऱ्या हंगामात न्यायचा आहे, त्यांनी दराचा निरोप व्हॉट्सॲपवर ॲडमिनपुरता ठेवून चर्चा टेलिग्रामवर न्यावी, असे मी सुचवेन. दोन्हीकडची ये-जा सुरुवातीला कटकटीची वाटते. व्हॉट्सॲपवर रोगाचा फोटो आला की तेथे उत्तर न देता टेलिग्रामच्या दालनाची लिंक द्यायची, एवढा नियम ॲडमिनांनी पाळला तर माणसे हळूहळू वळतात. आमच्याकडे सगळी वळली नाहीत, पण विचारणारी आणि उत्तरे देणारी बहुतेक वळली.

ॲडमिन तीन तरी असावेत, आणि त्यांपैकी एक गावाबाहेर नोकरीला असलेला असल्यास बरे, कारण ऐन कापणीत बागेतल्या माणसाला फोन पाहण्याची सवड नसते. सुरुवात मृगाच्या लागवडीआधी करावी. मागच्या हंगामातील निवडक फोटो आणि त्यांची तपासलेली उत्तरे आधीच दालनांत टाकून ठेवावीत, जमल्यास ती रावेर तालुक्यातील पाल या गावच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना एकदा दाखवून घ्यावीत, कारण रिकाम्या दालनात पहिला प्रश्न टाकायला आपल्याकडे कोणी पुढे येत नाही.