पावतीचं पाकीट की बिनपावतीचं?

मे महिन्यात आमच्या चोपड्याकडे ठिबकवरच्या कपाशीची घाई सुरू झाली की दुकानात हमखास विचारणा होते, "भाऊ, ते तणनाशकवालं बी आहे का?" नाही, आणि ठेवणारही नाही. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला सरकारची मंजुरीच नाही; त्या बिनपावतीच्या पाकिटावरच्या लॉट नंबरला, म्हणजे बियाण्याच्या तुकडीच्या क्रमांकाला, कुणी वाली नसतो. निंदणीची मजुरी वाचते, हे मान्य. पण उगवलंच नाही तर तक्रार कुणाकडे न्यायची?

पावतीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटावर लॉट, चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती छापलेली असते. संकरित कपाशीला किमान ७५ टक्के लागते. तोच लॉट बिलावर लिहिणं ही आम्हा दुकानदारांची जबाबदारी. पाकीट खालच्या बाजूने फोडा. लेबल आणि थोडं बी बिलासोबत जपून ठेवा, तपासणीला तेच लागतं.