मानसशास्त्र-समाजशास्त्रातील बी.ए.: बडोद्यातील तीन वर्षांचा हिशेब

बडोद्यातील एका खासगी महाविद्यालयातून मी मानसशास्त्र मुख्य आणि समाजशास्त्र दुय्यम विषय घेऊन बी.ए. केले आणि गेली चार वर्षे बाजार-संशोधन करणाऱ्या कंपनीत नोकरी करीत आहे. तीन वर्षे आणि फी मोजल्यावर या पदवीतून नोकरीच्या बाजारात चालेल असे नेमके काय हाती पडते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे. दांडिया बाजारातील आमच्या घरी ‘बी.ए. म्हणजे लग्न ठरेपर्यंतची सोय’ असे आत्या उघड म्हणत, आणि पहिली दोन वर्षे त्यांना खोडून काढण्याजोगे माझ्याकडे फारसे काही नव्हते.

तसे पाहता या विषयांचे बडोद्याशी नाते जुने आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी तिथे अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रही अभ्यासले. पुढे इथल्या सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा करण्यासाठी १९५१ साली एम. एन. श्रीनिवास आले, ज्यांनी भारतीय समाजशास्त्राला प्रत्यक्ष क्षेत्रकार्याची सवय लावली. आमच्या महाविद्यालयात मात्र श्रीनिवास म्हणजे परीक्षेतला ‘संस्कृतीकरण, गुण दहा’ हा प्रश्न, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलण्याची त्यांची संकल्पना, एवढेच होते.

मानसशास्त्राची प्रात्यक्षिके मला आवडत. म्यूलर-लायर भ्रमाच्या पट्टीवर बाणांची टोके असलेली रेघ सरकवत ‘आता दोन्ही सारख्या दिसतात’ असे मैत्रिणीने म्हणायचे आणि तिची चूक मी मिलिमीटरमध्ये टिपायची, असे चाळीस वेळा करून सरासरी काढायची. दोन रेघा सारख्या आहेत हे पक्के ठाऊक असूनही डोळा फसतो, हे स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्यांत दिसले की माणसाच्या सांगण्यावर विसंबण्याची सवय आपोआप कमी होते.

तरी माझी नोकरी ज्यावर उभी आहे ते काम तिसऱ्या वर्षीच्या प्रकल्पात शिकले. घरातील खर्चाचे निर्णय कोण घेते, हा विषय घेऊन मी आमच्याच भागातील मराठी कुटुंबांत प्रश्नावली घेऊन हिंडले. ‘तुमच्याकडे मोठ्या खरेदीचा निर्णय कोण घेते?’ या प्रश्नाला पहिल्या अकरा घरांतून ‘आम्ही सगळे मिळून ठरवतो’ हे एकच उत्तर आले, वर ‘बस गं, चहा घे’. मार्गदर्शक बाईंनी तो प्रश्न खोडला आणि त्या जागी तीन लहान प्रश्न लिहायला लावले: घरात शेवटची मोठी वस्तू कोणती आली, ती बघायला दुकानात कोण गेले होते, आणि पैसे कोणी दिले? त्यानंतर उत्तरे फुटू लागली. एका काकूंनी तर नवऱ्यादेखत सांगितले की फ्रीज त्यांना दुकानात नव्हे, दारात टेम्पो थांबला तेव्हाच प्रथम दिसला. माणसाला मत विचारू नये, घडलेली गोष्ट विचारावी, हे त्या दुपारी कळले, आणि आज कंपनी मला पगार देते तो बव्हंशी याच कामाचा.

तक्रारीही आहेत, आणि पहिली मोठी आहे. ही पदवी कुठवर नेते हे प्रवेशाच्या वेळी कोणी स्पष्ट सांगितले नाही. आमच्या वर्गातील निम्म्या मुली ‘सायकॉलॉजिस्ट होणार’ म्हणून आल्या होत्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि साध्या तीन वर्षांच्या बी.ए.वर ती मिळत नाही, हे त्यांना शेवटच्या सत्रात, तेही एका पाहुण्या वक्त्याकडून समजले. कोणी मग समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळली, कोणी मनुष्यबळ विभागात लागली. दोघी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या तयारीला लागल्या, कारण मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाला पाचशे गुण असतात आणि समाजशास्त्र व मानसशास्त्र हे दोन्ही त्या यादीत आहेत. या वाटा वाईट नाहीत, पण त्या पहिल्याच वर्षी दाखवायला हव्या होत्या.

दुसरी तक्रार संख्याशास्त्राची. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत त्याचे माप) आणि काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासण्याची रीत) आम्ही फळ्यावरून उतरवून कॅल्क्युलेटरवर सोडवली. माझ्या प्रकल्पातील साठ प्रश्नावल्यांची मोजणी मी वहीत चार-चार उभ्या रेघांवर आडवी रेघ मारून केली. पहिल्या मुलाखतीत एक्सेलमध्ये पिव्होट टेबल, म्हणजे आकड्यांचा गटवार गोषवारा, करून दाखवा म्हटल्यावर मी गप्प बसले आणि ती नोकरी हुकली. नंतर तीन महिने घरी बसून एक्सेल आणि एसपीएसएस हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर शिकले, तेव्हा लक्षात आले की गणित मला येत होते, फक्त बटणे ठाऊक नव्हती. शिकवण्यात चूक नव्हती. ते अर्ध्यावर सोडले गेले होते.

पाचपैकी साडेतीन तारे देते. त्यातील दीड त्या खोडलेल्या प्रश्नाचे आहेत.

यंदा माझी मामेबहीण त्याच महाविद्यालयात प्रवेश घेत आहे. कला शाखेला संगणक कक्ष आठवड्यातून किती तास मिळतो, एवढे विचारून ये, असे मी तिला बजावले होते. तिने विचारले. खिडकीतल्या कारकुनाने तिचा अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि सांगितले की तो कक्ष कॉमर्सचा आहे.