गर्भाशयाच्या एव्हीएमसाठी एम्बोलायझेशन, पुण्यातला अनुभव

रक्तस्राव थांबत नाही म्हणून पिशवी काढायला सांगितली असेल तर त्याआधी एकदा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या, म्हणजे स्क्रीनवर बघत बारीक नळीने आतून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, त्यासाठीच हे लिहितेय. एव्हीएम म्हणजे धमन्या आणि शिरा थेट एकमेकींना जोडल्या गेलेलं जाळं, आणि एम्बोलायझेशन म्हणजे तिथला रक्ताचा रस्ता आतून बंद करणं. माझ्या धाकट्या बहिणीचं मिसकॅरेजनंतर क्युरेटिंग झालं आणि काही आठवड्यांनी अचानक इतकं अंगावरून जायला लागलं की पॅड पुरेना, गाठीच्या गाठी, एचबी सहावर, रक्त चढवावं लागलं. जवळच्या नर्सिंग होममध्ये डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) न करताच म्हणाले आत काहीतरी राहिलंय, परत क्युरेटिंग करू. याचा राग अजून आहे, कारण एव्हीएम असेल तर खरवडल्याने रक्तस्राव आणखी भडकू शकतो.

पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलला हलवलं, तिथे मात्र सगळं पद्धतशीर. आधी बीटा एचसीजी ही प्रेग्नन्सीच्या हार्मोनची रक्ततपासणी, कारण गर्भाचा अंश राहिला असेल किंवा द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षासारखी विकृत वाढ) असेल तरी डॉपलरवर असंच दिसू शकतं म्हणे. मग कलर डॉपलर, गर्भाशयाच्या भिंतीत लाल निळा पिवळा नुसता कालवा! धमनीतलं रक्त मधल्या केशवाहिन्या सोडून जोरात थेट शिरेत घुसत होतं, म्हणजे एव्हीएमच. क्युरेटिंग किंवा सिझरनंतर क्वचित होतं असं.

पूर्ण भूल नाही, जांघेत तेवढी जागा बधिर करून बारीक नळी घातली, ती दोन्हीकडच्या युटेराइन आर्टरीपर्यंत (गर्भाशयाच्या धमनीपर्यंत) नेऊन आतून ग्लू सोडून रस्ता बंद केला. नंतर डॉक्टरांनी आम्हाला बसवून फोटो दाखवले, आधीच्यात डाय सोडल्या सोडल्या शिरा भरलेल्या आणि नंतरच्यात ते जाळंच गायब, मला तर रडूच आलं. टाका एकही नाही. पण त्या रात्री ओटीपोटात भयंकर कळा आणि ताप, हे होतं असं सांगितलेलं पण इतकं दुखेल हे नीट सांगायला हवं होतं. सिस्टर मात्र रात्रभर येऊन बघत होत्या.

आता पाळी नियमित आहे, फॉलोअपचा डॉपलर क्लिअर. पुढच्या बाळाबद्दल डॉक्टरांनी उगाच आशा लावली नाही, पिशवी वाचली म्हणजे गॅरंटी नाही आणि दिवस राहिले तर वारेकडे जास्त लक्ष ठेवावं लागेल असं सरळ सांगितलं, ते मला आवडलं.

पाचपैकी साडेचार, अर्धा बिलिंगसाठी कापला. ग्लू आणि कॅथेटरचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले नव्हते, ते डिस्चार्जच्या वेळी कळलं, त्यामुळे एस्टिमेट लेखीच मागा. आणि इमर्जन्सी असेल तर रात्री कॅथलॅबची (जिथे ही नळीची प्रोसिजर करतात त्या विभागाची) टीम येते का हे फोनवर विचारूनच पेशंट हलवा, सगळीकडे येत नाही.