ट्रेकवर उंची मोजायची: जीपीएस, नकाशातली उंची की बॅरोमीटरला हवामानाची जोड?

आधी फोनमध्ये बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, आहे की नाही ते पाहून घ्या. अलीकडच्या सगळ्या आयफोनमध्ये तो असतो. अँड्रॉइडच्या महाग फोनमध्ये बहुधा असतो, स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा नसतो. सेन्सर दाखवणारे कुठलेही मोफत ॲप टाका आणि यादीत ‘प्रेशर’ शोधा. मुंबईत हजाराच्या आसपास, पुण्यात साडेनऊशेच्या आसपास हेक्टोपास्कलचा (हे दाबाचे एकक) हलता आकडा दिसला तर सेन्सर आहे. नसेल तर पुढचे पहिले दोनच पर्याय उरतात.

जीपीएस

सगळे उपग्रह डोक्यावरच असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे उभी चूक आडव्या चुकीच्या दीडपट ते तिप्पट निघते. उघड्या पठारावर १०-१५ मीटरचा फरक धरून चाला. घळीत, कड्याच्या पोटात किंवा दाट रानात तो याहून बराच वाढतो. शिवाय आकडा जागच्या जागी नाचतो आणि ॲप प्रत्येक उडी चढाईत मिळवते. दिवसभराची ‘एकूण चढाई’ फुगते ती त्यामुळे.

दुसरी गोची आपल्याकडे जास्त बोचते. जीपीएस मुळात पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची काढते, आणि महाराष्ट्रात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. ॲपने ही दुरुस्ती केली नसेल तर गिरगाव चौपाटीवर उंची उणे साठच्या घरात दिसते. आयफोन ही दुरुस्ती स्वतःच करतो. अँड्रॉइडमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची देण्याची सोय आवृत्ती १४ पासून आली, पण ती वापरायची की नाही हे ॲपवर असते. किनाऱ्यावर उभे राहून एकदा आकडा पाहिला की आपले ॲप कुठल्या गटातले ते कळते.

नकाशातली उंची

इथे ॲप उंची मोजत नाही, तुमच्या स्थानावरून साठवलेल्या नकाशातला आकडा उचलते. २००० साली एन्डेव्हर यानातून रडारने घेतलेल्या मोजमापावर अजूनही बरीच ॲप चालतात. जाळे ३० मीटरचे, म्हणजे तेवढ्या चौकोनाला एकच उंची. पठारावर छान चालते. कड्याच्या धारेवर मात्र भरवसा ठेवू नका: कोकणकड्यावर उभे असताना स्थान काही मीटर सरकले तर उंची दरीतल्या चौकोनातली उचलली जाते. इमारतीतला मजला या रीतीला दिसतच नाही.

बॅरोमीटर आणि हवामान

इथे खरे काम आहे. फोनमध्ये बसतात तसल्या बॉशच्या बीएमपी२८० चिपचा निखळ दाब १ हेक्टोपास्कलने चुकू शकतो, म्हणजे साडेआठ मीटर. पण दोन जागांमधला फरक ती ०.१२ हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे मीटरभरात सांगते. म्हणून बॅरोमीटरकडून फरक मागावा, थेट उंची मागू नये.

बहुतेक ॲप समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ धरून मोकळी होतात. जुलैत मुंबईत तो १००४ च्या आसपास असतो. एवढ्यानेच उंची ७५-८० मीटर जास्त दिसते. यावर उपाय म्हणून विमानतळाच्या मेटार या हवामान अहवालातला क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला दाब (क्यू अक्षरापुढचे चार आकडे), ॲपमध्ये भरतात. तो पूर्णांकात आणि खालच्या बाजूला मोडलेला असतो, त्यातून आठेक मीटरपर्यंत चूक येते, ती सोसण्यासारखी आहे.

आता कळसुबाई घ्या, १६४६ मीटर. जुलैत खाली २८ अंश, माथ्यावर १८ अंश आणि समुद्रसपाटीला १००४ असे धरले तर माथ्यावर दाब सुमारे ८३० येतो. ॲप १०१३.२५ वरच ठेवले तर आकडा १६४७ दिसतो. क्यूएनएच १००४ भरला की तोच आकडा १५७३ होतो! दुरुस्तीने बिघडले असे वाटून लोक हवामानाच्या आकड्याला दोष देतात. दोष तापमानाचा आहे. ॲप दाबावरून उंची काढते ते प्रमाण सूत्र समुद्रसपाटीला १५ अंश आणि वर किलोमीटरला ६.५ अंश घट धरते. आपली हवा त्याहून १२-१५ अंश गरम, म्हणून विरळ, म्हणून तेवढ्याच चढाईत दाब कमी उतरतो. दर २.८ अंशाला चढाई १ टक्का कमी दिसते. पहिल्या वेळी दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते, इतकेच. हिवाळ्यात समुद्रसपाटीचा दाब १०१३ च्या जवळ असतो, तेव्हा तेच ॲप उंची उघड कमी दाखवते.

तेव्हा दोन्ही दुरुस्त्या करा, नाहीतर एकही करू नका. सर्वांत सरळ वाट अशी: पायथ्याला दाब आणि तापमान टिपा, माथ्यावर दोन्ही पुन्हा टिपा. मग

चढाई = २९.२७ × सरासरी तापमान (सेल्सिअस + २७३) × नैसर्गिक लॉग, कॅल्क्युलेटरवरचे ln (खालचा दाब ÷ वरचा दाब)

खाली ९३०, वर ८४० आणि सरासरी २५ अंश असेल तर ८८८ मीटर येतात. ॲपच्या प्रमाण सूत्राने ८३७. पावसाळ्यात बाष्पासाठी तापमानात आणखी ३ अंश मिळवा, चढाईत टक्काभर वाढ होते. तापमान फोनच्या बॅटरीचे घेऊ नका. सावलीतला साधा थर्मामीटर पुरतो.

पायथ्याची उंची पक्की हवी. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरचा उंचीबिंदू उत्तम. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे उतरताच आकडा जुळवून घ्यावा.

दाब दिवसभरात आपोआपही हलतो. सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला, दुपारी चारला उतरलेला. आपल्याकडे हा फरक ३-४ हेक्टोपास्कलचा असतो. म्हणजे जागेवर बसून राहिलात तरी दुपारपर्यंत तीसेक मीटर ‘चढता’. परत पायथ्याला आल्यावर पुन्हा दाब टिपा आणि आलेला फरक वेळेच्या प्रमाणात वाटून द्या. दुसऱ्या वाटेने उतरणार असाल तर जवळच्या केंद्राचे दोन्ही वेळचे समुद्रसपाटीचे दाब वजा करा. हवामान ॲपमधला दाब बहुधा समुद्रसपाटीला आणलेलाच असतो. उंचीच्या ॲपमधल्या समुद्रसपाटीच्या दाबाच्या रकान्यात स्वतःच्या फोनचा कच्चा आकडा भरला तर पुण्यातही उंची शून्याजवळ येते.

आणखी तीन अडचणी. वॉटरप्रूफ पाऊचमध्ये दाब कोंडतो, फोन बाहेर काढून मिनिटभर थांबा. पाणी आत न जाऊ देणाऱ्या फोनची काच जोराने दाबली तरी आकडा हलतो. आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा थेट छिद्रावर आला तर १ हेक्टोपास्कलचा, माथ्यावर दहा मीटरचा फरक पडतो. वाऱ्याकडे पाठ करून आडोशाला वाचा.

मग निवड काय? एकूण चढाई हवी असेल तर बॅरोमीटरच. माथ्याची उंची हवी असेल तर बॅरोमीटर, पक्का पायथा आणि तापमान. पायथा ठाऊक नसेल तर मेटार आणि तापमान, २०-२५ मीटरच्या आत यायला हरकत नाही. दोन-तीन दिवसांच्या रेंज ट्रेकवर, मधे वादळी पाऊस आला आणि ओळखीची उंची भेटली नाही, तर उघड्यावर दहा मिनिटे जीपीएस चालू ठेवून सरासरी घ्या आणि बॅरोमीटर तिथून नव्याने जुळवा. बॅरोमीटर नसलेल्या फोनवर माथ्याला जीपीएस बरे, सपाट पठारावर नकाशा बरा. कड्याच्या धारेवर दोन्ही आकडे पाहा. तफावत तीस मीटरहून जास्त असेल तर जीपीएसचा धरा.