एसएमपीएस टेस्टर: आठ महिने वापरल्यानंतर

घरातला डेस्कटॉप बारा वर्षांचा. एका सकाळी बटण दाबलं तर ढिम्म. पंखा नाही, बीप नाही. कॅबिनेटची बाजू उघडली, तर मदरबोर्डवरचा हिरवा दिवा मात्र व्यवस्थित पेटलेला. "दिवा लागतोय म्हणजे सप्लाय ठीक, बोर्ड गेला," असा निकाल दोघातिघांनी परस्पर देऊन टाकला. मलाही पटत आलं होतं, पण बोर्ड टाकून देण्याआधी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा सप्लाय, तपासणारा हा टेस्टर मागवला.

हातात मावेल एवढी डबी, वर छोटा स्क्रीन. वीज बंद करून मदरबोर्डमधला २४ पिनांचा जाड कनेक्टर काढायचा (खटका दाबूनच, नुसता ओढला तर बोर्ड वाकतो), प्रोसेसरजवळचा ४ पिनांचाही काढायचा, दोन्ही डबीत खोचायचे आणि वीज सुरू करायची. १२, ५, ३.३ व्होल्ट, सगळे आकडे जागेवर होते. फक्त ५व्हीएसबीपुढे ४.३ लुकलुकत होतं आणि डबी कोकलत होती.

मेख तिथेच होती. ५व्हीएसबी म्हणजे जांभळी वायर. तिच्यातून कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्ट येत राहतात आणि बटण दाबलेलं बोर्डाला कळतं ते त्यावरच. यात ५ टक्क्यांची सूट, म्हणजे ४.७५ ते ५.२५. माझ्या ४.३ व्होल्टवर दिवा खुशाल पेटत होता, बोर्ड जागा होत नव्हता. नवा एसएमपीएस जोडला आणि पहिल्याच दाबाला बीप आला. तेव्हापासून हा कॉम्प्युटर रोज सुरू होतोय.

मग अर्थातच नातेवाइकांचे बंद पडलेले डबे माझ्याकडे येऊ लागले. एकात टेस्टरवर सगळं ठीक. पीजीची ("पॉवर गुड", म्हणजे व्होल्ट जागेवर आल्याचा सप्लायचा इशारा) वेळही ३०० मिलिसेकंद (१०० ते ५०० मध्ये असली की चालते). म्हणून समोरच्या बटणाची वायर बोर्डावरून उपसली आणि तिथल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. कॉम्प्युटर सुरू! बटणच गेलं होतं. रीसेटच्या बटणाची वायर तिथे लावून दिली. आता ते रीसेटनेच सुरू करतात.

तक्रार आहे ती तिसऱ्या डब्यावरून. तो सुरू व्हायचा आणि दोन सेकंदांत बंद. टेस्टर म्हणाला, सगळं उत्तम. मी रॅम खोडरबराने घासली, सेल बदलला, एक अख्खा रविवार घालवला. शेवटी माझाच एसएमपीएस काढून त्याला लावला, तर तो तासभर मुकाट्याने चालला. झालं होतं असं की हा टेस्टर सप्लायवर नावापुरताच भार टाकतो. खरा भार आला की १२ व्होल्ट कोसळत होते. पुढे १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीला मल्टिमीटर लावून सुरू होताना पाहिलं, तर १०.९ दिसलं. हवेत किमान ११.४. थोडक्यात, टेस्टरने "खराब" म्हटलं तर डोळे मिटून माना. "चांगला" म्हटलं तर एवढंच धरा की सप्लाय पुरता मेलेला नाही.

हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. क्लिपच्या युक्तीत आकडा दिसतच नाही. पण टेस्टर आणि मल्टिमीटर यांपैकी एकच घ्यायचं असेल तर मी मल्टिमीटर घेईन. आणि एसएमपीएसचा स्वतःचा पत्रा कुणी उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरात ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

स्क्रीनला मागून उजेड नाही. टेबलाखाली वाचायला बॅटरी धरावी लागते.