पंधरा मासे मागितले, सहाच मिळाले

बेळगावातील शहापूर भागात असलेल्या रंगीत माशांच्या एका दुकानात गेल्या हिवाळ्यात मी नातवाला घेऊन गेलो, तेव्हा घरी दोन फूट लांबीची आणि फूटभर रुंदी-उंचीची नवी काचेची टाकी होती आणि मनात किमान पंधरा मासे होते. दुकानदाराने मासे दाखवण्याआधी टाकीची मापे विचारली. कागदावर ६० गुणिले ३० गुणिले ३० असा हिशेब मांडून त्याने ५४ लिटर हा आकडा काढला आणि लगेच खोडला, कारण तळाची वाळू, दगड आणि वर सोडायची जागा वजा जाता पाणी जेमतेम ४५ लिटर उरते. "काका, टाकीचे लिटर मोजू नका, पाण्याचे मोजा," असे तो म्हणाला.

चार लिटरला एक इंच मासा हा सर्वत्र ऐकू येणारा ठोकताळा त्यालाही ठाऊक आहे, परंतु तो केवळ लहान, सडपातळ माशांपुरता आणि तोही पूर्ण वाढीच्या लांबीवर लावायचा, असे त्याचे म्हणणे पडले. ते मला पटले. लांबी दुप्पट झाली की त्याच ठेवणीच्या माशाचे वजन सुमारे आठपट होते, त्यामुळे सहा इंचांचा एक गोल्डफिश आणि एकेक इंचाचे सहा मासे यांची घाण सारखी धरता येत नाही. पूर्वी दुसऱ्या एका दुकानाने एवढ्याच टाकीसाठी आम्हाला आठ गोल्डफिश दिले होते; पंधरवड्यात पाच दगावले आणि आम्ही मात्र राकसकोप जलाशयातून नळाला येणाऱ्या पाण्याला बोल लावत बसलो.

पहिल्या दिवशी त्याने एकही मासा विकला नाही. माशांच्या शरीरातून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत तयार होण्यास महिना-दीड महिना लागू शकतो, म्हणून त्याने स्वतःच्या चालू फिल्टरमधील, हे जिवाणू आधीच असलेल्या स्पंजचा तुकडा दिला आणि त्यांना पोसण्यासाठी रोज चिमूटभर खाद्य टाकत महिनाभर थांबायला सांगितले. (नातवाने घरी येईपर्यंत तोंड फुगवले होते.) त्यानंतर सहा झेब्रा डॅनिओ मिळाले: कळपाने राहणारे, बेळगावची थंडी इतरांपेक्षा बरी सोसणारे आणि वाढल्यावर दोन-दोन इंचांचे, म्हणजे हिशेबाने टाकी भरलीच. गप्पी मागितल्यावर, कधी घेतलेच तर फक्त नर घ्या, असे त्याने सुचवले. मादी साधारण दर महिन्याला पिल्ले देत असल्याने पुढची मोजदाद आपल्या हातात राहत नाही. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो आणि सहाही मासे आज ठणठणीत आहेत.

भाव किंचित चढे आहेत, त्याची तक्रार नाही. खटकते ते वेगळेच. काच साफ करणारा म्हणून दोन इंचांचा सकर मासा तेथे विकायला आहे, पण तो फूटभर वाढतो असे कोठेही लिहिलेले नाही. दर्शनी फळीवर तर एकेक गोल्डफिश घातलेले काचेचे गोल वाडगे मांडलेले आहेत, आणि ते घेणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी माप विचारल्याचे मला दिसले नाही.