स्वस्तातला चौकोनी फिल्टरचा सेट: साडेअकराशे कुठे वसूल झाले आणि कुठे बुडाले

आधी निकाल सांगून टाकतो, घाई असेल ते सुटतील. ऑनलाइन मिळतो ना तो कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावायचा वीस-चोवीस तुकड्यांचा सेट, त्यातल्या लेन्सवर चढवायच्या रिंगा आणि पट्ट्या धरणारा होल्डर झकास, ग्रॅड फिल्टर (वर काळे, खाली पारदर्शक) चालवून घेण्यासारखे, साधे एनडी (उजेड कमी करणारे काळे फिल्टर) बेकार, आणि निळे-नारिंगी-जांभळे जे काही असतात ती नुसती भरती. तरी मी परत घेईन का? घेईन, पण रिंगा आणि होल्डरसाठी.

माझ्याकडे कॅनन १५००डी कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ एमएम लेन्स आणि नंतर सेकंडहँड घेतलेली १०-१८ एमएम वाइड लेन्स. पहिलीचा थ्रेड (फिल्टर बसवायचे आटे) ५८ एमएम, दुसरीचा ६७. हे साइज लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, ऑर्डर करायच्या आधी बघा. सेट पी साइजचा होता, म्हणजे साधारण ८४ एमएम रुंद पट्ट्या. ही साइज फ्रेंच कंपनी कोकिनची, तिची सिस्टीम १९७८ पासून आहे आणि स्वस्तातले सगळे तिचीच नक्कल करतात, त्यामुळे जुन्या खऱ्या कोकिनच्या पट्ट्या याच होल्डरमध्ये बसतात हा मोठा फायदा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) आणि ७७ किंवा ८२ एमएमची वाइड लेन्स असेल तर मात्र पीच्या नादी लागू नका, सरळ १०० एमएम घ्या, नाहीतर कोपरे काळे येणारच.

कोपऱ्यांचंच सांगतो. होल्डरला पट्ट्या सरकवायला तीन खाचा असतात आणि १०-१८ लेन्स १० एमएमला ठेवली की त्या फोटोत चक्क दिसतात. मी बाहेरच्या दोन खाचा हेक्सॉ ब्लेडने कापून टाकल्या आणि कडेवर पॉलिश पेपर मारला. दहा मिनिटांचं काम. बायको म्हणाली नवीन आणलंस आणि लगेच तोडलंस? पण आता १२ एमएमच्या पुढे कोपरे स्वच्छ येतात. महागाच्या होल्डरवर हे धाडस झालं नसतं.

आता एनडी. खिडकीच्या उजेडात पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, मॅन्युअल मोड, अॅपर्चर आणि आयएसओ फिक्स. विनाफिल्टर १/६० शटरला हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जिथे येतो तिथेच एनडी८ लावून यायला १/८ लागायला हवा, कारण एनडी८ म्हणजे ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). माझा १/१३ लाच तिथे पोचला. म्हणजे जेमतेम सव्वादोन स्टॉप, आणि भिंत गुलाबी झाली ते वेगळंच. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की सर मॉनिटरचं सेटिंग चेक करा.

तरी हरिहरेश्वरला घेऊन गेलोच. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर ओहोटीलाच उतरता येतं, त्यामुळे सूर्यास्त आणि ओहोटी जमणारा दिवस शोधून सुट्टी टाकली होती. (तोपर्यंत खाचा कापलेल्या नव्हत्या.) एनडी२, ४ आणि ८ तिन्ही एकावर एक लावले, कागदावर ६ स्टॉप. पाणी मस्त रेशमी आलं पण काळाभोर कातळ वांगी रंगाचा! पूर्ण फोटोला एकसारखी झाक असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) व्हाइट बॅलन्स फिरवून निघते, पण इथे सावल्यांमध्ये वांगी आणि उजेडात पिवळट, एक सुधारावं तर दुसरं बिघडतं. शिवाय तीन पट्ट्या म्हणजे सहा पृष्ठभाग, सूर्य समोर असला की त्यांच्यात आपापसात चमक मारते.

मग साध्या एनडीसाठी चौकोनी हट्टच सोडला. ६ स्टॉपचा काचेचा, फिरवून बसवायचा गोल एनडी ६७ एमएममध्ये घेतला, ५८ च्या लेन्सला स्टेप-अप रिंग (छोट्या थ्रेडवर मोठा फिल्टर बसवणारी) लावली की एकच फिल्टर दोन्हीला चालतो. तसंही साधा एनडी सगळीकडे सारखाच काळा असतो, तो चौकोनी असून फरक काय पडतो? चौकोनी हवा तो ग्रॅड, कारण त्याची रेष क्षितिजाप्रमाणे वरखाली सरकवता येते. सूर्य बुडाल्यावर एफ११, आयएसओ १०० ला १/१५ मिळत असेल तर ६ स्टॉपने ४ सेकंद मिळतात. मला स्वतःला अर्धा-एक सेकंदच आवडतो, परतणाऱ्या लाटेचे धागे दिसतात, ३० सेकंदात सगळं दूध होतं.

ग्रॅडमध्ये सॉफ्ट घ्या, म्हणजे काळा भाग हळूहळू विरणारा. हार्ड (एकदम तुटणारा) समुद्राच्या सरळ रेषेला ठीक, पण लोहगडावरून विंचूकाट्याची माची घेताना डोंगराचा माथाच काळा होतो. सेटमधला ग्रॅड जरा गुलाबी होता म्हणून मी नंतर मुंबईच्या बोरा बझारात एका दुकानात जुना कोकिन पी१२१एस (सॉफ्ट ग्रॅड) उचलला, तोही अगदी न्यूट्रल नाही पण बराच बरा. दोन एक्सपोजर जोडले की ग्रॅड कशाला, असं लोक म्हणतात, खरंय, पण लाटा दोन फोटोंत एका जागी थांबत नाहीत ना.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. १५००डी सोबतच्या १८-५५ चं तोंड फोकस करताना गोल फिरतं! आकाशावर बसवलेला ग्रॅड शटर अर्धं दाबलं की तिरका. म्हणून आधी फोकस, मग लेन्सवरचं बटण एमएफला (मॅन्युअल फोकस), मग ग्रॅड. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

आणि या रेझिनच्या (प्लास्टिकसारख्या) चौकोनी पट्ट्या टी-शर्टने पुसू नका. खारे तुषार वाळले की त्यात वाळू असते, पुसलं की ओरखडे, आणि सूर्य समोर आला की प्रत्येक ओरखडा चमकतो. आधी ब्लोअर, घरी आल्यावर नळाखाली, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग मायक्रोफायबर. काचेला ओरखडे पडत नाहीत सहसा, पण मित्राचा काचेचा फिल्टर हरिहरेश्वरच्या त्याच कातळावर पडला आणि त्याचे तुकडे आम्ही टॉर्च लावून गोळा करत बसलो.

रिंग लेन्सवर जाम झाली तर पकडीने पिळू नका, ती वाकते. कडेला जाड रबरबँड गुंडाळा आणि सगळ्या बोटांनी हलक्या हाताने फिरवा. माझी ५८ ची दोनदा अशीच सुटली.